म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय थकू लागले की काय करायचं

आधी आवाज येतो. फरशीवर नखं घासल्याचा, खर्र खर्र. कुत्रा जेवत असतो, शेपूट हलवत असतो, दारात स्वागताला येतही असतो, म्हणून त्या आवाजाकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या काळूच्या बाबतीत माझ्याकडून हेच झालं. तो १२ वर्षांचा होता. एका संध्याकाळी त्याच्या मागून चालताना फरशीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. पाय हातात घेऊन पाहिला, तर उजव्या मागच्या पंज्याची मधली दोन नखं वरच्या बाजूने तिरकी झिजत पार मुळाशी आली होती. तो आवाज मी जवळजवळ दोन महिने ऐकत होते.

'वय झालंय आता त्याचं' हे वाक्य आपल्या तोंडात तयारच असतं. ते जरा बाजूला ठेवा. वयाने स्नायू थोडे उतरतात, पण नुसत्या वयाने कुत्रा उठायचा थांबत नाही. मागे एखादा आजार असतो, कधी दोन एकदम असतात. त्यातल्या बऱ्याच आजारांत वेदना कमी करता येते, पडणं थांबवता येतं आणि चालते-फिरते दिवस वाढवता येतात.

घरात हे आत्ताच सुरू झालं असेल त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती मी चूक करून शिकले. काळू घसरायला लागल्यावर मायेपोटी मी त्याला सगळीकडे उचलून न्यायला लागले. अंथरुणातून बाहेर, बाहेरून पाण्यापाशी, तिथून परत अंथरुणात. दीड महिन्यात त्याच्या मांड्या इतक्या उतरल्या की हात फिरवला की हाड लागायचं. न वापरलेला स्नायू म्हाताऱ्या शरीरातून फार लवकर जातो आणि परत यायला फार वेळ घेतो. म्हणून पुढचं सगळं एकाच धोरणावर बेतलेलं आहे: त्याचे पाय जेवढं करू शकतात तेवढं त्यांनाच करू द्यायचं, आणि कमी पडेल तिथे, कमी पडेल तेवढाच हात लावायचा.

पहिलं काम: दोन-तीन दिवस नुसतं बघा

त्रास अचानक सुरू झाला असेल तर थांबू नका, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण हळूहळू वाढत आलेलं असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन दिवस डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघा.

झोपेतून तो उठतो कसा? धडधाकट कुत्रा मागच्या पायांनी शरीर वर ढकलतो. पाय कमजोर झालेला कुत्रा पुढच्या पायांवर स्वतःला ओढून घेतो आणि मागचा भाग नंतर कसाबसा वर येतो. उभा असताना पाठ कमानीसारखी आणि मान खाली असते का? कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतं. मागे दुखायला लागलं की तो आणखी भार पुढे टाकतो. त्यामुळे खांदे भरलेले आणि मांड्या बारीक असं चित्र दिसू लागतं. दोन्ही मांड्यांवरून एकाच वेळी दोन हात फिरवा, डाव्या-उजव्यातला फरक लगेच कळतो. मांडीचा घेर शिलाईच्या टेपने दर महिन्याला एकाच जागी मोजून लिहून ठेवला तर फारच चांगलं. जिना चढताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलतो का, शी करताना बसता न आल्याने चालत चालत करतो का, हेही बघा.

आता एक छोटी चाचणी. त्याला सपाट, न घसरणाऱ्या जागी उभं करा. एका हाताने पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे, वजन तोलून धरा. दुसऱ्या हाताने मागचा एक पंजा अलगद उलटा करा, म्हणजे पंज्याची वरची बाजू जमिनीला टेकेल. निरोगी कुत्रा तो पंजा तत्क्षणी सरळ करतो, आपला हात सुटायच्या आत. पंजा तसाच उलटा राहिला किंवा सरळ व्हायला वेळ लागला, तर पाय कुठे आहे याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नसण्याची शक्यता आहे. दोन्ही पायांवर दोन-तीनदा करून बघा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा. निदान डॉक्टर करतील, पण तुमची ही नोंद त्यांना फार उपयोगी पडते.

शेवटचं म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ काढा. मागून, बाजूने, आणि मुख्य म्हणजे झोपेतून उठतानाचा. दवाखान्यात शिरल्यावर घाबरून किंवा उत्साहाने बरेच कुत्रे इतके नीट चालतात की आपणच खोटे ठरतो.

दुखतंय, की पायाची जाणीव जातेय?

मागच्या पायांच्या तक्रारींचे ढोबळमानाने दोन गट पडतात, आणि घरात काय करायचं हे पुष्कळसं त्यावर ठरतं.

पहिला गट सांध्यांचा: संधिवात, खुब्याच्या सांध्याची आनुवंशिक ढिलाई (हिप डिस्प्लेसिया), गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध. यात दुखतं. सकाळी किंवा झोपून उठल्यावर पाय आखडलेले असतात आणि दहा-वीस पावलांनी मोकळे होतात. जास्त पळापळ झाली की दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो. दुखत असेल तर कुत्रा ओरडेल असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. तो एकच सांधा चाटत बसतो, रात्री जागा बदलत राहतो, कारण नसताना धापा टाकतो, कंबरेला हात लावला की मान वळवून बघतो. सोफ्यावर उडी मारणं त्याने 'सोडून दिलं' असेल, तर बहुतेक वेळा ती त्याची समजूतदारी नसते, दुखणं असतं.

दुसरा गट मज्जारज्जू आणि नसांचा. यात नखं घासतात, पंजा उलटा पडतो, चालताना मागचे पाय एकमेकांत अडकतात, ढुंगण दारू प्यायल्यासारखं डुलतं. डीजनरेटिव्ह मायलोपथी नावाचा आजार यातलाच. मज्जारज्जूचा हळूहळू ऱ्हास होत जातो. साधारण ८ वर्षांच्या पुढे तो दिसू लागतो, आणि जर्मन शेफर्ड, बॉक्सर, कॉर्गी अशा जातींमध्ये अधिक आढळतो. तो स्वतः दुखत नाही. त्याच्याशी जोडलेला एसओडी१ या जनुकातला बदल २००९ मध्ये सापडला. त्याची चाचणी करता येते, पण ती फक्त धोका सांगते. बदल असलेल्या प्रत्येक कुत्र्याला आजार होतोच असं नाही. याच गटात मणक्यातली गादी सरकणंही येतं, आणि ते मात्र बहुधा चांगलंच दुखतं. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांना ते जास्त होतं. कंबरेच्या शेवटच्या मणक्यांपाशी नसा दाबल्या गेल्या तरी पाय लुळे वाटतात. त्यात शेपूट वर उचलली की दुखतं.

काही वेळा मूळ पायात नसतंच. थायरॉइड कमी पडणं, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणं), गोचिडांमुळे होणारे ताप, यांतही मागचे पाय अशक्त होतात. मान एका बाजूला कललेली, डोळे सारखे थरथरताहेत आणि कुत्रा एकाच बाजूला पडतोय, असं असेल तर बिघाड बहुधा कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेत असतो. दिसायला ते फार भयंकर दिसतं, पण म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये बऱ्याचदा काही दिवसांत ते निवळू लागतं.

सकाळची वाट बघू नये असे प्रसंग

काल चालत होता आणि आज मागचे पाय अजिबात उचलत नाही. पाठीला हात लावला की किंचाळतो. दहा-बारा तासांत लघवी झाली नाही. मागचे पंजे गार पडले आहेत आणि प्रचंड दुखतंय. बोटांच्या मध्ये जोरात चिमटा काढला तरी त्याला कळत नाही. एका पायाचं हाड कठीण सुजलं आहे आणि पाय टेकवत नाही. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. नेताना त्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या जाड चादरीवर ठेवा, पाठ वाकू देऊ नका. गादी सरकून पायातली संवेदना गेली असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग किती होईल हे तासांवर अवलंबून असतं.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

रक्ततपासणी आणि एक्स-रे सहसा पहिल्या भेटीत होतात. एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, म्हणून नसांचा संशय असेल तर एमआरआयची गोष्ट निघते. ते शक्य नसेल तर मोकळेपणाने सांगा. निदान पक्कं नसतानाही वेदनेवर काही दिवस औषध देऊन फरक पडतो का बघणं ही रीतसर पद्धत आहे. फरक पडला तर दुखत होतं हे कळतं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. माणसांच्या गोळ्या देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्ताच्या ऑक्सिजन वाहण्याच्या क्षमतेवर घाला घालतं. कुत्र्यांसाठीची दाहशामक औषधं, म्हणजे कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम वगैरे, वेगळ्या मापाने आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करून दिली जातात. ती चालू असताना उलटी, काळी शी किंवा जेवणाला नकार दिसला तर गोळी थांबवून लगेच फोन करा. स्टेरॉइड आणि ही औषधं एकत्र द्यायची नसतात. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधीच्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. संधिवाताच्या वेदनेवर महिन्यातून एकदा द्यायचं बेडिनव्हेटमॅब नावाचं इंजेक्शनही निघालं आहे, त्याबद्दल विचारा. गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचं औषध सुरू केलं की पहिले काही दिवस कुत्रा सुस्तावतो आणि जास्तच डुलतो. आजार वाढला असं वाटून घाबरू नका, पण कळवा जरूर. पूरक गोष्टींमध्ये माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ला ग्लुकोसामाइनपेक्षा बरा आधार आहे, मात्र त्याचं मापही वजनावर ठरतं.

फरशी: इथे आजच्या आज फरक पडतो

औषधाला दिवस लागतात. फरशीचं काम एका दुपारी होतं, आणि माझ्या मते पहिला खर्च इथेच करावा.

गुळगुळीत फरशीवर उठताना मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, बेडकासारखे. प्रत्येक वेळी मांडीच्या आतले स्नायू ताणले जातात, दुखतं, आणि हळूहळू कुत्रा उठायलाच घाबरायला लागतो. काळू पाण्याच्या भांड्याकडे बघत बसून राहायचा. मला वाटायचं तहान नाही. एके दिवशी त्याच्या अंथरुणापासून भांड्यापर्यंत रबरी तळाच्या मॅट एकाला एक लावून अंथरल्या. तो वास घेत पुढे आला, पहिल्या मॅटवर दोन्ही मागचे पंजे ठेवले, बोटं फाकवली, जरा थांबला. मग सरळ चालत जाऊन भांडं रिकामं होईपर्यंत पाणी प्यायला.

अख्खं घर झाकायची गरज नाही. त्याच्या ठरलेल्या वाटा असतात: अंथरूण, पाणी, दार, तुम्ही बसता ती जागा. तेवढे पट्टे जोडा, आणि मध्ये फट ठेवू नका, कारण तो नेमका त्या फटीतच घसरतो. योगाची मॅट चालते. मऊ गालिचा खालून सरकत असेल तर फरशीपेक्षा वाईट. वळणाच्या जागी आणि जिथून तो उठतो तिथे मॅट मोठी हवी, कारण घसरणं सरळ चालताना कमी आणि वळताना, उठताना जास्त होतं. जेवणाच्या भांड्यापाशीही मॅट हवी. खाताना मान खाली गेली की मागचे पाय हळूहळू सरकतात.

जिन्याला वर-खाली दोन्हीकडे अडसर लावा. तुम्ही घरात नसताना एकदा पडला तर महिन्याची मेहनत जाते. गाडीत किंवा सोफ्यावर चढायला उतरती फळी ठेवायची तर लांब, कमी चढाची आणि खरखरीत पृष्ठभागाची घ्या.

अंथरूण इतकं जाड हवं की त्यावर गुडघा टेकवला तर खालची फरशी लागू नये. पण त्यात तो रुतता कामा नये, रुतला की उठता येत नाही.

याच दुपारी नखंही बघा. नखं लांब असली की पंज्याची गादी जमिनीला नीट टेकत नाही आणि पकड जाते. उभं असताना नखं जमिनीला लागत नाहीत, इतपत ती कापलेली असावीत. आत रक्तवाहिनी असते, म्हणून एकदम न कापता दर आठवड्याला थोडं थोडं कापा, ती वाहिनीही मागे सरकत जाते. पंज्याच्या गाद्यांमधले केस कापायला विसरू नका. ते केस म्हणजे कुत्र्याने पायात मोजे घालून फरशीवर चालणं.

वजन

सांगायला सोपं आणि करायला जड जाणारं काम. १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडॉर कुत्रे दोघादोघांच्या जोड्या लावून आयुष्यभर वाढवले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला मिळायचं. कमी खाणारे साधारण १.८ वर्षं जास्त जगले, आणि त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरजही उशिरा पडली. आधीच लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन ६ टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी चालण्यात फरक दिसतो, हेही तपासलं गेलं आहे. म्हणजे ३० किलोच्या कुत्र्यासाठी दोन किलोसुद्धा नाहीत.

वजन योग्य आहे का हे हाताने कळतं. स्वतःच्या हाताची मूठ न आवळता तळवा खाली करून पसरा आणि बोटांच्या मागच्या हाडांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा लागायला हव्यात. तळव्यासारखं मऊ लागलं तर कुत्रा जाड आहे, आवळलेल्या मुठीसारख्या गाठी लागल्या तर फार वाळला आहे. खाणं कमी करताना प्रथिनं कमी करू नका, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तसं. आणि येता-जाता घरातला प्रत्येक माणूस जे तोंडात टाकतो ते सगळं हिशेबात धरा.

हात कसा द्यायचा

सगळ्यात आधी, शेपूट धरून किंवा मागच्या पायांना धरून कधीच उचलू नका.

उठायला मदत करताना घाई करू नका. आधी त्याला पुढचे पाय नीट रोवू द्या. मग त्याच्या मागे किंवा बाजूला बसून दोन्ही तळवे मांड्यांच्या मागे, बसायच्या हाडांखाली ठेवा आणि वर-पुढे असा हलका रेटा द्या. तो ढकलायला लागला की आपला जोर कमी करत जायचं. त्याचं उठणं त्याने पुरं करायचं. मी मनात पाच आकडे मोजायचे, तोवर हात नुसता टेकवून ठेवायचा. बऱ्याचदा चौथ्या आकड्याला काळू आपला आपण उठलेला असायचा.

चालताना आधार देण्यासाठी तात्पुरती झोळी मोठ्या टॉवेलची करता येते. टॉवेलची लांब घडी पोटाखालून घ्यायची, पण मागच्या पायांच्या शक्य तितक्या जवळ. पोटाच्या मधोमध घेतली तर मूत्राशय दाबलं जातं, आणि नर कुत्र्याला त्यातून लघवीच करता येत नाही. रोजच्या वापरासाठी मांड्यांना विळखा घालणारं, पाठीवर मूठ असलेलं मागच्या पायांचं हार्नेस घ्या. त्यात भार खुब्यांखाली येतो. घेण्याआधी कंबरेचा आणि मांड्यांचा घेर मोजा. झोपताना ते काढून ठेवा, आणि रोज पट्ट्यांच्या खालची कातडी लाल झाली आहे का ते बघा. हार्नेसने त्याला हवेत लोंबकळवायचं नाही. पंजे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत, आपण फक्त काही किलो वजन काढून घेतो.

पूर्ण उचलायचंच असेल तर एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागून, पाठ आडवी, आणि कुत्रा तुमच्या छातीशी घट्ट. गुडघ्यात वाका, कंबरेत नाही. मोठ्या कुत्र्याला दोघांनी मिळून उचला. तुमची कंबर धरली तर त्याला उठवणार कोण?

व्यायाम

दुखणं औषधाने आटोक्यात आल्यावरच सुरू करा, आणि निदान काय आहे ते कळल्यावर. ताजी गादी सरकलेल्या कुत्र्याला विश्रांतीच लागते.

एक लांब फेरी बंद करून दिवसातून चार-पाच छोट्या फेऱ्या करा, ५ ते १० मिनिटांच्या. हळू चालवा, इतकं हळू की प्रत्येक पाय सुटा उचलावा लागेल. वेगात कुत्रा दुखरा पाय लपवतो. दुसऱ्या दिवशी तो जास्त आखडला तर फेरी लांब झाली होती असं समजा आणि कमी करा.

घरात करायला सर्वांत गुणकारी व्यायाम म्हणजे बसणं-उठणं. मॅटवर उभं करायचं, खाऊ दाखवून सावकाश बसवायचं, पुन्हा उठवायचं. सुरुवातीला तीनदा, पुढे आठ-दहा वेळा. खूप दुखत असेल तर उंचवट्यावर अर्धवट बसवा. दुसरा व्यायाम उभ्या जागी: खुब्यांवर हात ठेवून डावीकडे-उजवीकडे अगदी हळू झुलवायचं, तो तोल सावरतो तेव्हा स्नायू काम करतात. तिसरा, जमिनीवर दोन-तीन काठ्या ठेवून त्या ओलांडायला लावायच्या. पाय उचलण्याची आठवण राहते ती यानेच. पाण्याखालचा ट्रेडमिल जवळ असेल तर उत्तम, पाण्याने वजन हलकं होतं.

डीजनरेटिव्ह मायलोपथीला औषध नाही, पण म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हा आजार असल्याचा संशय असलेल्या २२ कुत्र्यांच्या एका लहान अभ्यासात रोज नेमाने फिजिओथेरपी मिळालेले कुत्रे सरासरी २५५ दिवस टिकले, आणि अजिबात न मिळालेले ५५ दिवस. अभ्यास छोटा आहे, पण मी तो आकडा फ्रिजवर लिहून चिकटवला होता.

व्यायामाआधी कोमट शेक १० मिनिटं, टॉवेलमध्ये गुंडाळून, आधी स्वतःच्या मनगटावर तपासून. पायाची जाणीव कमी झालेल्या कुत्र्याला चटका बसलेला कळत नाही.

शी, शू आणि कातडी

पाय कमजोर झाले की आधी अंथरुणात थेंब पडू लागतात, मग कधी शी होऊन जाते. त्याला रागावू नका, त्याला कळलेलंही नसतं. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर आणि झोपण्याआधी बाहेर नेलं की निम्मे अपघात टळतात. लघवीला वास यायला लागला, रंग बदलला किंवा थोडी थोडी वारंवार व्हायला लागली तर संसर्ग तपासून घ्या. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही तिथे तो पटकन होतो. हाताने दाबून लघवी काढावी लागत असेल तर ते डॉक्टरांसमोर हात धरून शिका, वाचून करू नका.

लघवीने भिजलेली कातडी दोन दिवसांत सोलवटते. मांड्यांच्या आतले आणि शेपटीखालचे केस बारीक कापा, कोमट पाण्याने धुवा, टिपून पूर्ण कोरडं करा. माणसांच्या बाळांच्या मलमात झिंक ऑक्साइड असतं, ते चाटून पोटात गेलं तर विषबाधा होते, म्हणून तसलं मलम नको. माश्या बसणार नाहीत याची फार काळजी घ्या. ओल्या, मळलेल्या कातडीत अळ्या पडायला एक दिवसही पुरतो.

जो कुत्रा स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर चार तासांनी बदला. खुब्याचं बाहेर आलेलं हाड, कोपर आणि घोटा रोज बघा. केस गेलेला, लाल, गोल डाग ही जखमेची सुरुवात असते.

पंजे घासत असतील तर खरखरीत रस्त्यावर मऊ बूट घाला, घरात काढा.

चाकांची गाडी

बहुतेक लोक ही फार उशिरा घेतात, पुढचे पायही थकल्यावर. पुढचे पाय मजबूत असतानाच तिचा विचार करा. माप त्याच्या शरीराचं घेतलेलं हवं, पाठ सरळ राहायला हवी आणि कातडी कुठे घासायला नको. पहिले दोन दिवस फक्त वास घेऊ द्या, मग सपाट जागी ५ मिनिटं. गाडीत कुत्र्याला नीट आडवं होता येत नाही, म्हणून लक्ष ठेवायला माणूस हवाच.

एक वही ठेवा

रोज एक ओळ: किती वेळा आपणहून उठला, खाल्लं किती, पडला का, दारापर्यंत आला का. आणि समोर एक खूण, चांगला दिवस की वाईट. आपण रोज बघतो म्हणून हळूहळू होणारी घसरण आपल्याला दिसत नाही, वहीत दिसते. पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टीही वापरात आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे, १० म्हणजे सगळ्यात चांगलं. बेरीज ३५ च्या वर असेल तर आयुष्य अजून चालण्याजोगं आहे असं धरतात. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्या आणि मग ताडून बघा.

खुणा उलट्या व्हायला लागायच्या आत डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोलून ठेवा. ते घरी येतील का, रात्री-बेरात्री कुणाला फोन करायचा, आधी झोपेचं इंजेक्शन देतात का, जवळ कोण बसेल, नंतर त्याला कुठे न्यायचं. काळूच्या वेळी मी हे सगळं दोन महिने आधी विचारून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. त्या सकाळी फोनवर मला एकच वाक्य बोलावं लागलं, आणि डॉक्टर येईपर्यंतचा सगळा वेळ मी त्याच्या मॅटवर त्याला टेकून बसले होते.